कोरडी लाळेरी

श्रीपाद कुणाच्याही घरी गेला की आधी माणसांकडे बघत नाही, पाण्याकडे बघतो. माठ कुठे, फिल्टर कुठे, पेले उपडे आहेत की सुलटे, आपल्या खुर्चीपासून किती पावलं, हे सगळं डोळ्यांनी मोजून झालं की मग तो नमस्कार करतो. कुणी गेलं म्हणून भेटायला गेला तरी क्रम हाच. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका आजींचे यजमान वारले तेव्हा सांत्वनाला गेलेल्या श्रीपादने अर्ध्या तासात तीन पेले रिकामे केले. आजी सुनेला म्हणाल्या, "किती जीव होता वं याचा आपल्या यांच्यावर! घसा सुकला पोट्ट्याचा."

त्याचं वय त्रेचाळीस. नोकरी नव्या रायपूरला, मंत्रालयात, सहायक ग्रेड दोन. सकाळी स्टाफ बसमध्ये चढतो तेव्हा एक बाटली हातात, एक बॅगेत आणि एक बॅगेच्या तळाशी, ती संकटकाळासाठी. नव्या रायपूरचे रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाला ओळख द्यायची तर फोन करावा लागतो. पण कोणत्या इमारतीत कितव्या मजल्यावरचा वॉटर कूलर चालू आहे, हे श्रीपादला झोपेतून उठवून विचारा. एका जागी तो सलग पंधरा मिनिटं बसला तर शेजारचे लोक काळजीने विचारतात, "भैया, तबियत ठीक है न?"

जास्त बोललं की त्याची जीभ टाळूला चिकटते. त्यामुळे मीटिंगमध्ये तो तीन शब्दांच्या पुढे जात नाही. "होऊन जाईल, सर," किंवा "बघतो, सर." याचा परिणाम असा की अख्ख्या विभागात तो मोठा विचारी गणला जातो. साहेबांपुढे हा माणूस लाळ घोटत नाही, असंही कौतुकाने म्हणतात. ते किती अक्षरशः खरं आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. श्रीपादलासुद्धा नाही.

त्याचे वडील यशवंतराव. मूळचे आर्वीचे, रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. हल्ली गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात हे कळलं तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण घर अजून वेळापत्रकावर चालतं. दुपारचं जेवण बारा वाजून दहा मिनिटांनी, रात्रीचं आठ वाजून पाच मिनिटांनी. आणि नियम एकच, पण लोखंडाचा. ताटावर बसल्यावर पाणी प्यायचं नाही. शेवटचा घास पोटात गेला की एक पेला.

"पोटात आग असते," ते समजावतात. "चालू भट्टीत कोणी पाणी ओतते का?"

श्रीपाद नऊ वर्षांचा असताना म्हणाला होता, "पण बाबा, इंजिनात तर पाणी भरतात." त्यावर त्याला जे उत्तर मिळालं, ते गालावर मिळालं.

त्या नियमाखाली श्रीपाद वाढला. चुरून, भिजवून, वरणात बुडवून. दात मात्र टिकले नाहीत. दहावीपर्यंत सहा गेले, बाकीचे काळे पडले. रायपुरात काळ्या दातांचं कारण शोधायला डॉक्टर लागत नाही. तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा डबीत मिळतो, त्याला गुडाखू म्हणतात. सकाळी लोक तो बोटावर घेऊन दातांना चोळतात आणि अर्धा तास स्वर्गात असतात. श्रीपादचं तोंड पाहिलं की मास्तरांपासून न्हाव्यापर्यंत सगळे एकच विचारत, "कब से कर रहे हो, बेटा?" यशवंतराव दर रविवारी त्याचं दप्तर, गादी आणि बुटांचे तळ तपासत. आयुष्यात सुपारीही न खाल्लेल्या या माणसाला त्यांनी अठरा वर्षांत एकदाही रंगेहाथ पकडलं नाही, आणि त्यावरून त्यांनी अनुमान काढलं ते एवढंच, की पोट्टा फार हुशार आहे.

लग्नाच्या वेळी तीन स्थळांनी दातांवरून नकार दिला. चौथी मंजिरी, भंडाऱ्याची, विमा कार्यालयात नोकरीला. तिने होकार दिला. का, ते ती अजून सांगते. "बाकी सगळे आपलंच सांगून राहिले होते. हा एकटा चूप बसून माझं ऐकून राहिला होता." तो ऐकत नव्हता. पाण्याचा जग मंजिरीच्या मागच्या स्टुलावर होता.

सहा वर्षांपूर्वी त्यांना शर्मिष्ठा झाली. घरात ती शमी. मंजिरीच्या आईने नातीसाठी क्रोशाची बारा लाळेरी विणून पाठवली, प्रत्येकावर वेगळं फूल. बाराच्या बारा लाळेरी आजही कपाटात आहेत, दुकानात ठेवावीत अशी कोरी. शमीची लाळ एकदाही गळली नाही. आपल्याकडे बायका सांगतात की गरोदर बाईचे डोहाळे अपुरे राहिले की लेकराची लाळ गळते. झालं. यशवंतराव भेटेल त्याला लाळेरी दाखवायला लागले. "बारा लाळेरी, एकाला डाग नाही! सुनेनं बोट दाखवलं ते आणून दिलं मी. अन् हा श्रीपाद? याची बी कधी गळली नाही. इंदूले मी गाडीवरून काय काय आणून दिलं होतं!"

इंदू म्हणजे श्रीपादची आई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. यशवंतराव तिच्याविषयी एरवी बोलत नाहीत. पण लाळेऱ्यांचा विषय निघाला की बोलतात, आणि त्यांचा गार्डी आवाज थोडा सैल पडतो. बायकोचा एकही हट्ट अपुरा ठेवला नाही, याचा त्यांच्यापाशी असलेला एकमेव पुरावा म्हणजे श्रीपादची कोरडी हनुवटी.

शमीला मंजिरी स्वयंपाकघरात वेगळं जेवू घालायची. पातळ वरण-भात, ताक, शेजारी पाण्याचा पेला. यशवंतराव दारातून बघत आणि "पोट्टी बिघडून राहिली" एवढं म्हणून निघून जात. गाडी अशी चालली होती. मग मंजिरीला बढतीचं पत्र आलं. त्याआधी भोपाळला सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. एप्रिलची सकाळची शाळा साडेअकराला सुटते. म्हणजे पुढच्या सोमवारपासून दुपारचं जेवण शमी आणि आजोबा, दोघंच.

"एक ट्रायल रन घेऊ," यशवंतराव म्हणाले.

मंजिरी निघायच्या आठवडाभर आधी, रविवारी बारा दहाला ट्रायल रन निघाली. ताटात पोळी, गवारीची कोरडी भाजी, जवसाची चटणी. शमीने पहिला घास घेतला. यशवंतरावांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"गिळ."

"निगल रही हूँ, आजोबा."

शमीला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र ती हिंदीत देते, कारण शाळेत तीच सोय आहे.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. "झालं का? तोंड उघड." शमीने तोंड उघडलं. घास होता तसाच होता, फक्त उजव्या गालातून डाव्या गालात आला होता.

"शंटिंग करून राहिली ही!" यशवंतराव ओरडले. "इकडून तिकडं, तिकडून इकडं! गाडी पुढं काहून जात नाही?"

श्रीपाद समोर बसला होता. त्याने हाताची घडी घातली, सोडली, उठला, खिडकी उघडली, बंद केली, परत बसला. शमीचे डोळे सारखे ज्या दिशेला जात होते, त्याच दिशेला त्याचेही जात होते. तिकडे फिल्टर होता.

पंचवीस मिनिटांनी यशवंतरावांनी ताट उचलायला सांगितलं. शमी जाऊन झोपली. तीन वाजता मंजिरी तिच्या अंगावर चादर घालायला गेली तर पोरीचा डावा गाल फुगलेला. बोट घालून तिने घास बाहेर काढला. बाराचा घास, कोरडा, अख्खा.

मंजिरी पलंगाच्या कडेला बसून राहिली. "झोपेत घशात गेला असता म्हणजे?" ती म्हणाली. "मी नाही जात भोपाळले. ठेवा म्हणा तुमचं प्रमोशन."

"तू जा," श्रीपाद म्हणाला. "मी पाहतो."

चार शब्द. त्याच्या मानाने हे भाषण होतं. मंजिरीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आपण एसटीच्या 'लवकरच' या शब्दाकडे पाहतो.

संध्याकाळी तो वडिलांपुढे उभा राहिला. "बाबा, शमीले जेवताना पाणी देत जा."

"तुले दिलं होतं का मी?"

"नाही."

"मग काय झालं तुले?"

श्रीपादने तोंड उघडलं. आत त्याचे स्वतःचे म्हणावेत असे अकरा दात होते. बोलण्यासाठी उघडलेलं ते तोंड त्याने तसंच मिटलं आणि पाणी प्यायला निघून गेला.

सोमवारी सकाळी शमीची दाढ ठणकायला लागली, म्हणून तो तिला दातांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथे डॉक्टर ज्योती देवांगन नावाची एक तरुण मुलगी होती. तिचा आवाज बारीक होता, पण ती हुकूम सोडायची.

"मुँह खोलिए."

"पेशेंट ये है, मैडम."

"दोनों खोलिए."

तिने श्रीपादच्या तोंडात बॅटरी मारली आणि न बघितल्यासारखं, सवयीने विचारलं, "गुड़ाखू कब से?"

"कभी नहीं."

"सब यही बोलते हैं." मग ती शमीकडे वळली, तिच्या तोंडात बॅटरी मारली आणि म्हणाली, "और ये? ये भी गुड़ाखू करती है?"

स्वतःच्याच विनोदावर ती हसली. हसता हसता थांबली. पुन्हा श्रीपादचं तोंड बघितलं, पुन्हा शमीचं. दातांचा काळेपणा तोच, किडीची जागा तीच. सहा वर्षांची पोर गुडाखू करत नाही, हे श्रीपादच्या बाजूने आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात येत होतं.

तिने कापसाचे दोन बोळे घेतले, एक बापाच्या जिभेखाली, एक लेकीच्या. मोबाईलवर पाच मिनिटं लावली. श्रीपाद खुर्चीत चुळबुळत होता. पाच मिनिटांनी तिने बोळे चिमट्याने काढले आणि दिव्याखाली धरले. डब्यातून काढले होते तसे. तिचा विश्वास बसेना. तिने तिसरा बोळा स्वतःच्या जिभेखाली ठेवला. मिनिटभरात काढला. ठिबकत होता.

श्रीपाद त्या ओल्या बोळ्याकडे बघतच राहिला. "मैडम, ये पानी कहाँ से आया?"

"मुँह से."

"आपने पिया कब?"

"पिया नहीं. बनता है. सबके मुँह में बनता है, दिन भर."

"बिना पिए?"

"बिना पिए."

श्रीपादला बसलेल्या खुर्चीतच आणखी खाली बसावंसं वाटलं. पाणीपुरीच्या गाड्यापाशी मित्र म्हणायचे, तोंडाला पाणी सुटलं. तो समजायचा की ही बोलायची पद्धत आहे. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात म्हणतात, पण कावळे कुठे असतात? तसंच हे. त्रेचाळीस वर्षं त्याची अशी समजूत होती की सगळ्या जगाची तोंडं आपल्यासारखीच कोरडी आहेत आणि बाकीचे लोक फक्त आपल्यापेक्षा सोशिक आहेत.

मग सोनोग्राफी, मग मोठ्या हॉस्पिटलात एक स्कॅन. श्रीपादने त्या चार दिवसांत एवढ्या फेऱ्या मारल्या की वॉचमन त्याला स्टाफ समजून सलाम करायला लागला. शुक्रवारी अहवाल हातात आला. कानाखाली, जबड्याखाली, जिभेखाली, जिथे जिथे लाळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, तिथे दोघांनाही त्या नव्हत्या. बंद पडल्या नव्हत्या, बिघडल्या नव्हत्या. जन्मतःच नव्हत्या. फार थोड्या लोकांत असं असतं, डॉक्टर ज्योती म्हणाली, आणि बहुधा घराण्यात चालत येतं. औषधाने ग्रंथी उगवत नाहीत. प्रत्येक घासाला पाणी, तोंडात मारायचा एक फवारा, दातांना दर काही महिन्यांनी लेप, आणि कोरडं अन्न सक्तीने नाही. "पानी इसकी आदत नहीं है," तिने अहवालावर बोट ठेवून सांगितलं, "पानी इसका थूक है."

श्रीपाद घरी आला तो जवळजवळ उड्या मारत. चप्पल एक अंगणात, एक ओट्यावर. यशवंतराव पेपर वाचत होते.

"बाबा, मी गुडाखू करत नव्हतो!"

"कोण म्हणते?"

"स्कॅन म्हणते. मले लाळच नाही, बाबा. जन्मापासून. शमीले बी नाही. म्हणून घास उतरत नाही. तिले पाणी द्या लागते, डॉक्टरनं लिहून देलं."

यशवंतरावांनी अहवाल घेतला, लांब धरला, जवळ धरला. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यासारखे तीनदा उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी जे विचारलं, ते श्रीपादच्या कल्पनेतही नव्हतं.

"म्हणजे डोहाळ्यांचं काय?"

"काय डोहाळ्यांचं?"

"तुझी लाळ गळली नाही ती तुझ्या आईचे डोहाळे पुरे झाले म्हणून."

"नाही बाबा. लाळ नव्हतीच, तर गळंन कुठून?"

"म्हणजे मी आणलेलं सारं वाया?" पेपर खाली पडला. "गोंदियाच्या यार्डात मालगाडी उभी करून मी उतरत होतो, काय सांगून राहिला तू! कोण आहे हा डॉक्टर?"

"बाई आहे."

"लग्न झालंय तिचं?"

"माहीत नाही."

"नसंन झालं. तिले काय कळते डोहाळ्यातलं! उद्या मी येतो. माझं तपासू दे. आमच्या घराण्यात अशी खोट नाही."

"अन् पाणी?"

"उद्या आल्यावर."

मंजिरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने बॅगेत भरलेली एक साडी काढून परत कपाटात ठेवली.

शनिवारी यशवंतराव पांढराशुभ्र शर्ट घालून, दहा मिनिटं आधी पोचले. डॉक्टर ज्योतीने बोळा ठेवला. दोन मिनिटांत काढावा लागला. दुसरा ठेवला, तोही चिंब. "आपके यहाँ तो महानदी बह रही है, बाऊजी," ती म्हणाली.

यशवंतरावांनी श्रीपादकडे असा कटाक्ष टाकला, जणू ही कमाई त्यांनी नोकरीत मिळवली होती. "मैंने कहा था. हमारे घराने में कोई खोट नहीं."

"तो फिर माँ की तरफ से आया होगा," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाली. "उनके दाँत कैसे थे?"

यशवंतराव उत्तर द्यायला तयार होऊन बसले होते. इंदू हसायची तेव्हा तोंडाला पदर लावायची. घरंदाज बाई, असं ते लोकांना सांगत. पदरामागे काय होतं, ते त्यांना आठवेना.

"खाना कैसे खाती थीं? साथ में पानी लेती थीं?"

"खाना..." यशवंतराव म्हणाले. "वो बाद में खाती थी. सबका होने के बाद."

"क्या खाती थीं?"

यशवंतरावांनी वळून मुलाकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला जेवताना पाहिलं नव्हतं. ते जेवून ड्यूटीवर जात. ती मागे, आत जेवत असे.

"बासी," श्रीपाद म्हणाला. आजूबाजूच्या छत्तीसगढी घरांत रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतात आणि सकाळी मीठ-कांद्यासोबत पाण्यासकट खातात, तो. "शेजारच्या यादव काकींनी शिकवली होती. मोठ्या कटोऱ्यात. मी शाळेतून आलो की मले बी द्यायची."

"घरात पोळ्या असताना?" यशवंतराव मराठीत म्हणाले. "मले काहून नाही सांगितलं?"

"मले वाटे, काटकसर करून राहिली."

डॉक्टरला मराठी कळत नव्हतं. ती आपलं कोष्टक भरत होती. "कुछ और याद है? प्रेग्नेंसी में क्या खाने का मन होता था?"

हा त्यांचा विषय. यशवंतराव सावरून बसले. "सब लाया मैं. नागपुर से संतरे लाया, टोकरी भर के. गोंदिया से ताड़गोळे. महानदी की रेत के तरबूज, ककड़ी. राजनांदगांव में गाड़ी रुकी तो गन्ना, ये लंबा, ब्रेकव्हॅन में खड़ा करके. नारियल पानी..." बोटं मोजता मोजता ते हळू झाले. "एक बार नागपुर का चिवडा लाया था, दो किलो, एकदम कड़क. वो उसने..."

"वो उन्होंने?"

"मोहल्ले में बाँट दिया," यशवंतराव म्हणाले. "मैं समझा, दिल बड़ा है."

ते बाहेर पडले. ऑटोत बसल्यावर श्रीपादने विचारलं, "बाबा, पाणी प्याल?" त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

शनिवारी आठ पाचला ते ताटावर आले नाहीत. रविवारी बारा दहालाही नाही. भूक नाही म्हणाले. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारत राहिले. बाप ओट्यावर, श्रीपाद आत. त्या दिवशी त्या घराची फरशी झिजली असेल. मंजिरीने जाऊ की नको, जाऊ की नको असं तीनदा केलं. शेवटी संध्याकाळच्या गाडीत श्रीपादने तिला बसवलं तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "बाबा काही बोलले का पाण्याचं?"

"नाही."

"मग मी उतरते."

"मी आहे," श्रीपाद म्हणाला. तेवढ्यात गाडी हलली म्हणून बरं झालं.

सोमवारी सकाळी त्याने शमीच्या दप्तरात तळाशी एक छोटी बाटली लपवली. "आजोबांनी पाणी नाही देलं तर हे पिजो."

"डाँटेंगे."

"डाँटू दे."

"आपको भी डाँटते हैं?"

"बस आली," श्रीपाद म्हणाला. आली नव्हती.

ऑफिसात त्याने अकरापर्यंत एक फाईल चार वेळा उघडली. साडेअकरा झाले. शाळा सुटली असेल. पावणेबारा. आता हात धूत असेल. डोळ्यांपुढे तो फुगलेला गाल येत होता. बारा वाजता तो उठून साहेबांपुढे गेला आणि त्याने मंत्रालयातल्या त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं. "सर, घरी जातो, पोरगी जेवायला बसली असेल." साहेब एवढे चकित झाले की त्यांनी रजेचा अर्जही मागितला नाही.

दुपारी बाराला नव्या रायपुरात बस मिळणं म्हणजे मोठंच भाग्य. श्रीपाद थांब्यावर उभा राहिला, मग पुढच्या थांब्याकडे चालत निघाला, मग वाटलं मागून येईल, म्हणून परत आला. पहिली बाटली संपली. दुसरी संपली. ऊन असं की सावलीही खांबाला चिकटून उभी. बारा दहा झाले. बारा वीस. पाण्याचे कॅन नेणाऱ्या एका 'छोटा हत्ती' टेम्पोला त्याने हात केला, ड्रायव्हरशेजारी बसला आणि सबंध रस्ता तळाशी ठेवलेल्या संकटकाळच्या बाटलीवर काढला. मागे चाळीस कॅन डुचमळत होते. ड्रायव्हर म्हणाला, "भैया, पीछे से ले लो न," तेही त्याला ऐकू आलं नाही.

बारा वाजून बावन्न मिनिटांनी तो दारात पोचला. आत आवाज शमीचा होता.

"आजोबा, मुँह खोलो. नहीं गया. अभी भी वहीं है."

जेवणाच्या टेबलावर शमी बसली होती. तिच्यासमोर वरण-भाताचं अर्धं झालेलं ताट आणि पाण्याचे दोन पेले, एक रिकामा, एक भरलेला. समोर यशवंतराव. त्यांचे दोन्ही गाल फुगलेले होते आणि ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा कापूस बाहेर आला होता. समईच्या वातींसाठी ठेवलेलं कापसाचं पुडकं टेबलावर फुटलेलं, आणि ताटाभोवती ओल्या बोळ्यांची रास. बोळा भिजला की काढायचा, नवा कोंबायचा आणि पोळीचा घास चावायचा, असं त्यांचं चाललं होतं. डोळ्यांत पाणी आलेलं. कपाळावर घाम.

"हे काय चालून राहिलं?" श्रीपाद दारातूनच म्हणाला.

यशवंतरावांनी हात वर केला. बोलता येत नव्हतं.

"आजोबा देख रहे हैं आजी कैसे खाती थी," शमीने माहिती दिली. तिच्या मनगटावर आजोबांचं घड्याळ होतं, कोपरापर्यंत सरकणारं. "सत्रह मिनट हो गए. एक घास. मैंने बोला पानी पी लो, तो मना कर रहे हैं."

यशवंतरावांनी गिळायचा प्रयत्न केला. गळ्याचा मणी वर गेला, खाली आला, घास जागेवर. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग ठसका लागला, श्रीपाद धावला, पाठ थोपटली, कापूस, पोळी सगळं हातात काढलं आणि शमीने भरलेला पेला त्यांच्या तोंडाला लावला. ते घटाघट प्यायले. जेवताना, शेवटच्या घासाच्या कितीतरी आधी.

त्यांचा श्वास जागेवर आला. मग यशवंतरावांनी तिसरा पेला भरला आणि टेबलाच्या त्या बाजूला, जिथे श्रीपाद लहानपणापासून बसत आला होता, तिथे सरकवला.

"बस," ते म्हणाले. "वाढून घे. पी अन् खा."

श्रीपाद बसला. पेला हातात घेतला, पण वडिलांसमोर तो ओठांपर्यंत न्यायला त्याला दोनदा दम घ्यावा लागला. प्यायला. पुन्हा प्यायला.

"एक सांग," यशवंतराव त्याच्याकडे टक लावून म्हणाले. "सत्रा मिनिटांत माझा एक घास नाही उतरला. तू रोज चार पोळ्या खात होता माझ्यासमोर. कसा काय?"

श्रीपादने पेला खाली ठेवला. "एक खात होतो, बाबा."

"अन् तीन?"

"खिशात."

यशवंतराव हळूहळू ताठ झाले. "म्हणून तुझ्या चड्डीत मुंग्या! अबे, मी तुले गूळ चोरला म्हणून मारलं होतं नं!"

"दोनदा," श्रीपाद म्हणाला.

"अन् तू बोलला नाही?"

"तोंडात घास होता."

एकदम यशवंतरावांची नजर शमीकडे वळली. शमीने तोवर खुर्चीवरून पाय खाली सोडले होते आणि एक हात फ्रॉकच्या डाव्या खिशावर घट्ट दाबून धरला होता.

"शमे," यशवंतराव म्हणाले, "त्या खिशात काय आहे?"

"कुछ नहीं, आजोबा," म्हणत शमी अंगणात पळाली, आणि यशवंतराव पेला हातात घेऊनच तिच्या मागे.